डोक्याकडची फळी

आमच्या केंद्रात "कॉट मोकळी झाली" म्हटलं की काय समजायचं ते सगळ्यांना माहीत आहे, आणि कोणी कोणाला ते समजावून सांगत नाही. मुलुंड पूर्वेला एका जुन्या सोसायटीच्या तळमजल्यावर आमचं रुग्णसाहित्य केंद्र आहे. व्हीलचेअर, वॉकर, कमोडची खुर्ची, पाण्याची गादी, ऑक्सिजनचं मशीन आणि डोक्याची बाजू हँडलने वर-खाली होणाऱ्या लोखंडी कॉट, असं सगळं आम्ही लोकांना घरी वापरायला देतो. गरज संपली की परत आणून द्यायचं. वॉकर परत आला तर बहुधा माणूस चालायला लागलेला असतो. कॉट परत आली तर बहुधा माणूस गेलेला असतो. म्हणून कॉट आणणाऱ्याला आम्ही काही विचारत नाही. बसा म्हणतो, पाणी देतो, आणि निघताना "पुन्हा या" तेवढं म्हणत नाही.

मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून इथे दुपारची बसते. आयुष्यभर लोकांच्या तक्रारी ऐकल्या, आता लोकांची दुखणी ऐकते. सून म्हणते, "आई, सोडा आता ते." सोडीन म्हणते मी, आणि दुसऱ्या दिवशी जेवण आटोपलं की कुलूप उघडायला हजर. खरं सांगायचं तर मला कंटाळा आलाय. आजारपण म्हटलं की माणसं एकच गोष्ट शंभर तऱ्हांनी सांगतात आणि ती दरवेळी नव्याने ऐकावी लागते. पण माझ्या जागी बसायला कोणी तयार नाही, आणि जे दोघे-तिघे तयार आहेत त्यांच्या ताब्यात मी एक काठीसुद्धा देणार नाही.

तर अशा आमच्या केंद्रात सुबोध आला. सुबोध म्हणजे आमच्या एका विश्वस्तांचा मुलगा. गोदामातला माल कुठे आहे हे बसल्या जागी कळावं, अशा यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीत नोकरीला. पोरगा गुणी आहे, पण बोलायला लागला की थांबत नाही. एका शनिवारी त्याने मला विचारलं, "काकू, तुमच्या व्हीलचेअर आत्ता कुठे कुठे आहेत, सांगता येईल?"

"लोकांच्या घरी."

"कोणाच्या?"

मला राग आला, कारण मला माहीत नव्हतं. त्यातली एक नंतर नाहूरला एका गॅलरीत सापडली. तिच्यावर तुळशीची कुंडी होती, आणि त्या घरच्या बाईने मलाच ऐकवलं की उन्हाप्रमाणे कुंडी फिरवायला फार सोयीची पडते.

सुबोधने चिकटपट्ट्या आणल्या. बोटभर लांब, आत बारीक चंदेरी रेघा. बॅटरी नाही, वायर नाही. केंद्राच्या दारात दोन्ही बाजूंना त्याने उभ्या पट्ट्या बसवल्या. त्यांतून रेडिओच्या लहरी सुटतात, वस्तू दारातून गेली की तिच्यावरची चिकटपट्टी त्या लहरींच्या जोरावर आपला नंबर सांगते, दार "टिंग" करतं आणि संगणकावर त्या वस्तूपुढचा शब्द बदलतो. बाहेर जाताना "घरी", परत येताना "मोकळी". कोणाच्या घरी, तेही दिसतं. मला आवडलं, खोटं कशाला बोलू. निदान कुंड्यांखालच्या व्हीलचेअर तरी सापडायला लागल्या.

राजारामने त्या चिकटपट्टीला पहिल्याच दिवशी टिकली म्हटलं, आणि तेच नाव पडलं. राजाराम आमचा टेम्पोवाला. मूळचा कुडाळकडचा, बाप गिरणीत होता, हा भांडुपला राहतो. कॉट सुटी करायची, जिन्यावरून चढवायची, घरात जोडून द्यायची, हे सगळं तो एकटा करतो. केंद्रात सगळ्यात जास्त घरं त्याने आतून पाहिली आहेत, आणि त्याबद्दल तो कधी चकार शब्द काढत नाही.

अडचण आली ती कॉटची. लोखंडावर टिकली लावली की ती मुकी होते. सुबोध म्हणाला, लोखंडावर चालणाऱ्या टिकल्या वेगळ्या असतात, त्या मागवू; तोपर्यंत डोक्याकडच्या लाकडी फळीवर लावू. "फळी कॉटलाच राहते ना, काकू?"

"कॉटचं डोकं कुठे जाणार आहे?" मी म्हटलं. हे माझेच शब्द. राजाराम तेव्हा टेम्पोत होता. त्याला विचारायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही.

आणि मग ते मेसेज. वस्तू परत आली की त्या घरच्या फोनवर आपोआप मेसेज जायचा. आधी सगळ्यांना एकच होता: "साहित्य परत मिळाले. रुग्ण बरे झाल्याबद्दल अभिनंदन." गव्हाणपाड्याचे एक गृहस्थ आईची कॉट पोचवून गेले होते. ते परत आले आणि त्यांनी फोन माझ्यासमोर धरला. मी सुबोधची अशी हजेरी घेतली की तो आठवडाभर फिरकला नाही. मग समितीची बैठक झाली. मी म्हटलं, मेसेज पाठवूच नका. पण मजकूर लिहायचा म्हटलं की आमच्या समितीला स्फुरण चढतं. ठरलं असं की वॉकर, काठ्या, खुर्च्या यांना अभिनंदन, आणि कॉटला वेगळा मजकूर: "आपल्याकडील कॉट परत मिळाली. आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत." सगळ्यांनी मान डोलावली. मीही डोलावली असेल, घरी जायची घाई होती.

दिवाळी नुकती आटोपली होती. भर दुपारी राजाराम एक कॉट घेऊन आला. डोक्याकडची फळी खांद्यावर घेऊन तो दारातून आत शिरला, दार टिंग झालं, आणि मी चष्मा लावून पडद्याकडे पाहिलं. "गुप्ते देवदत्त. म्हाडा कॉलनी. मोकळी."

गुप्ते मला माहीत होते. ट्रॉम्बेला अणुभट्टीवर नोकरी करून निवृत्त झालेले, कंपवाताने अंथरुणाला खिळलेले, पण डोकं शाबूत. बायको केव्हाच गेली. मुलगी जान्हवी, चाळिशी ओलांडलेली, लग्न केलं नाही, घाटकोपरला एका कंपनीत अकाउंट्स बघते. दिवसा एक बाई असते, रात्री ही एकटी. रात्रीत चार वेळा उठून बापाची कूस बदलायची आणि सकाळी डबा घेऊन कामाला. मधे गादी बदलून न्यायला आली होती, तेव्हा माझ्यासमोरच्या खुर्चीत बसल्या बसल्या तिला झोप लागली. मी उठवलं नाही.

"गेले वाटतं," मी म्हटलं. "सुटले बिचारे. पोरगीही सुटली."

"कोण गेला?" राजारामने विचारलं.

"गुप्ते."

"गुप्ते खंय गेले?" राजाराम गडबडला की मालवणीत शिरतो. "ही कॉट हरिओमनगरची. तो बेशुद्ध म्हातारा होतो ना, तो गेलो." मग तो थांबला. खांद्यावरची फळी त्याने हळूच खाली ठेवली, तिच्यावरच्या टिकलीकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा उतरला.

"बाई, ती फळी मी बदललंय."

ते असं झालं होतं. गुप्त्यांची आणि हरिओमनगरची कॉट एकाच फेरीत गेली होती. राजारामची एक रीत आहे, जी आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हती. एखाद्या कॉटवर माणूस गेला की तीच डोक्याकडची फळी तो शुद्धीवर असलेल्या माणसाच्या डोक्यामागे लावत नाही. तिची आणि दुसऱ्या कॉटच्या फळीची टेम्पोतच अदलाबदल करतो. कॉटवरून माणूस उठून चालत गेला असेल तर ती फळी त्याच्या हिशेबी बरी. त्या दिवशी गुप्त्यांच्या वाट्याला आलेल्या फळीवर लागोपाठ दोन माणसं गेली होती, आणि हरिओमनगरला जाणाऱ्या कॉटवरून आधी मांडीचं हाड मोडलेला एक मुलगा उठून धडधाकट हिंडायला लागला होता.

"ते चेडू एकटा आसा," राजाराम म्हणाला. चेडू म्हणजे पोरगी, जान्हवी. "म्हटलंय, बरी फळी तेका देवया. हरिओमनगरच्या म्हाताऱ्याला तशीही शुद्ध नव्हती. त्याला काय, कुठली पण चालली असती."

म्हणजे टिकली गुप्त्यांच्या नावाची, आणि फळी हरिओमनगरला. तिकडचा म्हातारा गेला आणि संगणकाने इकडचा मारला. मी राजारामला बोलणार होते, अगदी तोंडापर्यंत आलं होतं. पण "पोरगीही सुटली" हे आत्ता म्हटलेलं माझंच वाक्य कानात होतं आणि जीभ वळेना. पडद्यावर गुप्त्यांच्या नावापुढे हिरवी खूण आली होती. मेसेज गेला होता.

जान्हवी ऑफिसात असणार, म्हणून पाऊण तास तिला फोनच लावत राहिले. आधी व्यस्त, मग नुसतीच रिंग, मग पुन्हा व्यस्त. सुबोध मीटिंगमध्ये. शेवटी मी केंद्राला कुलूप घातलं आणि राजारामला म्हटलं, "काढ टेम्पो."

वाटेत तो एकदाच बोलला. "ताई ओरडली तर मी ऐकून घेईन, बाई. तुम्ही मधे पडू नका."

"मलाही ओरडणार आहे ती. रांगेत उभा राहा."

दार दिवसाच्या बाईने, सुनंदाने उघडलं. तिचे हात ओले होते. ती दबक्या आवाजात म्हणाली, "बाबा बरे आहेत. मी चादरी धूत होते, फोन तिकडे चार्जिंगला. ताई आल्यापासून आत बसल्यात."

बाहेरच्या खोलीत, दाराच्या अगदी समोर कॉट होती आणि कॉटवर गुप्ते होते. डोळे मिटलेले. मी मनातल्या मनात हात जोडले आणि स्वयंपाकघरात गेले. जान्हवी ओट्याला पाठ लावून फरशीवर बसली होती. ऑफिसची पर्स खांद्यावर तशीच. राजाराम दारापर्यंत आला आणि उभ्या उभ्याच त्याने सगळं सांगितलं, फळीचं, टिकलीचं, हरिओमनगरचं. काही लपवलं नाही.

ती ऐकत होती की नाही कळेना. शेवटी म्हणाली, "तुम्ही चांगलंच करायला गेलात, राजाराम. जा तुम्ही. खाली थांबा."

तो गेला. मी तिच्यासमोर खुर्ची ओढली. खाली बसले असते, पण मग उठता आलं नसतं.

"पोरी, माफी मागते," मी म्हटलं. "केंद्राच्या वतीने नाही. माझी स्वतःची."

"माफीचं काही नाही ओ काकू." ती माझ्याकडे बघत नव्हती. "मेसेज आला, मी वाचला. कॉट परत कशी गेली हे डोक्यातच नाही आलं. दुःखात सहभागी, एवढंच दिसलं. सुनंदाला फोन लावत राहिले, ती उचलेना. म्हटलं संपलं. बॅग उचलली, रिक्षा पकडली. विक्रोळीपर्यंत नुसती रडले. रिक्षावाल्याने स्वतःची पाण्याची बाटली दिली."

"हो."

"मग रडू थांबलं. भांडुपच्या पुढे असेन. काकू, मला हलकं वाटायला लागलं." ती आता भराभरा बोलायला लागली, कोणीतरी दार लावून घेईल त्याआधी सामान बाहेर काढावं तशी. "नुसतं हलकं नाही. बरं वाटत होतं. आज रात्री कोणी हाक मारणार नाही. मी सलग झोपणार. मग मी खोलीचा विचार करायला लागले. भिंतींना रंग कोणता काढायचा. बाप मेलाय आणि मी रिक्षात बसून रंग ठरवतेय."

"कोणता?" मी विचारलं. का विचारलं देव जाणे.

"फिकट पिवळा. तशीच वर आले. चावीने दार उघडलं. म्हटलं आत शेजारी जमले असतील. आणि बाबा म्हणाले, आज लवकर गं? तेव्हा मला काय वाटलं सांगू? वाईट वाटलं. ते जिवंत आहेत याचं वाईट वाटलं. एकच क्षण, पण वाटलं. मग मी बाथरूममध्ये जाऊन ओकले."

असल्या वेळी तोंडाशी येणारी सगळी वाक्यं मला पाठ आहेत आणि त्यातलं एकही उपयोगाचं नाही.

"तुम्ही कॉट घेऊन जा," ती म्हणाली. "आत्ता नाही, सोमवारी. नेरळला एक जागा आहे, म्हाताऱ्या माणसांना ठेवतात. मी आत्ता फोन केला. मी त्यांना तिथे ठेवते. असल्या मुलीच्या हातून त्यांनी पाणीसुद्धा घेऊ नये."

आता कळलं तिचा फोन शेवटी पुन्हा व्यस्त का लागत होता. मला भयंकर दमल्यासारखं झालं. नेरळची जागा वाईट नाही, मी पाहिलेली आहे. आमच्या कितीतरी कॉट तिकडे आहेत. पण गुप्ते तिथे जाणार ते तिने स्वतःला ठोठावलेल्या शिक्षेपायी, आणि ती शिक्षा पुढे दोघेही भोगत बसणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

"पाठव," मी म्हटलं. "पण दमलीस म्हणून पाठव. वाईट आहेस म्हणून पाठवू नकोस."

"दोन्ही एकच आहे."

"एक नाही. आणि हे झोप न झालेल्या माणसाने ठरवायचं नसतं. शेवटची सलग कधी झोपलीस?"

तिला आठवेना. मी तिच्या खांद्यावरची पर्स काढून घेतली आणि तिला आतल्या खोलीत नेऊन आडवं केलं. पंखा लावला. ती काहीतरी म्हणत होती, औषधाची वेळ, सुनंदा पाचला जाते, वगैरे. वाक्य पुरं व्हायच्या आत झोपली. सुनंदाला म्हटलं, तू तुझ्या वेळेला जा, मी आहे. राजारामला खिडकीतून हात करून परत पाठवलं.

मग मी गुप्त्यांच्या कॉटजवळ जाऊन बसले.

त्यांनी डोळे उघडले. बोलणं फार हळू, एकेक शब्द ओढून काढावा लागतो, पण शब्द बरोबर असतात. म्हणाले, "नलिनीबाई. मी गेलो म्हणे."

"कोणी सांगितलं?"

"भिंती म्हाडाच्या आहेत."

यांनी किती ऐकलं होतं? मी सारवासारव करायला लागले, टिकलीचं समजावून सांगितलं, फळी बदलल्याचं सांगितलं. त्यांनी हात हलवायचा प्रयत्न केला, म्हणजे पुरे.

"आम्हालाही बिल्ला असायचा. ट्रॉम्बेला. छातीवर लावायचा. किती किरणं लागली, ते कळायचं त्यावरून." ते दम घेत होते. "एकदा मी माझा कोट बिल्ल्यासकट खुंटीवर विसरलो. दुसरा कोणी घालून गेला. महिनाभर माझ्या नावावर त्याची किरणं." त्यांना हसू आलं, त्याचा खोकला झाला, मी हँडल फिरवून त्यांचं डोकं जरा वर केलं.

तेवढ्यात सुबोधचा फोन. मी गॅलरीत गेले. पोरगा रडकुंडीला आला होता. "काकू, लोखंडावरच्या टिकल्या उद्याच मागवतो. पण सिस्टीममध्ये त्यांची कॉट अजून मोकळीच दिसतेय. काय करू?"

"माणूस तिच्यावर झोपलाय म्हणून लिही. आणि आधी ते मेसेज बंद कर. समितीचं मी बघते."

"सगळे?"

"सगळे. ज्याला दुःख झालंय त्याला ते आपल्याकडून कळायची गरज नसते."

परत येऊन बसले तेव्हा गुप्ते दाराकडे बघत होते. सुनंदा निघून गेली होती. खालच्या मैदानावर पोरांचा आरडाओरडा चालला होता.

"माझं तोंड दाराकडेच असतं," ते म्हणाले. "कॉट तशी लावलीय. ती आली ना दुपारी, तेव्हा मी जागा होतो. दार उघडलं, आणि तिचा चेहरा पाहिला मी."

मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. कॉटच्या कडेचं लोखंड बघत राहिले.

"असा चेहरा तिचा किती वर्षांत नाही पाहिला. मोकळा. कॉलेजात असताना सहलीहून यायची तेव्हा असायचा. मग मी बोललो. आज लवकर गं, म्हणालो. आणि तो गेला. बोलायलाच नको होतं मी. अजून थोडा वेळ बघायला मिळाला असता."

मला रडू आलं. सांगते सरळ. इतकी वर्षं केंद्रात बसून मला वाटत होतं की तो नळ आटला.

"वाईट वाटून घेऊ नका हो," मी म्हटलं. "ती दमलीय."

"वाईट? छे." या शब्दाला त्यांना फार जोर लावावा लागला. "बरं वाटलं मला. एकच काळजी होती. मी गेल्यावर हिचं काय. मोडून पडेल, वाटायचं. ना नवरा, ना मूल. आज कळलं, नाही पडणार. रडेल, आणि मग नीट होईल. हे मरायच्या आधी बघायला मिळतं का कोणाला?"

"तिला सांगा हे."

"नको. लाजेल. तुम्हीही सांगू नका."

मी हो म्हटलं. हो म्हणायची मला सवय आहे. कोणाच्या घरची कॉट कोणाकडून आली हे सांगायचं नाही, कोण कशाने गेलं हे सांगायचं नाही, आधीचा माणूस बरा झाला का असं कोणी विचारलं तर विषय बदलायचा. न सांगण्यात आयुष्य चाललंय माझं. तिथे बसल्या बसल्या मला त्या सगळ्याचा एकदम वीट आला. भिंतीच्या पलीकडे ती स्वतःला खुनी समजून झोपली होती, अलीकडे हा माणूस तिच्याच चेहऱ्यावर खूश होता, आणि दोघांनाही एकमेकांना जपायचं होतं. अशा जपण्याने घरं कुजतात, आणि ती आम्ही आतून पाहतो.

दिवेलागणीला जान्हवी उठली. गालावर उशीची घडी उमटली होती. घाबरून म्हणाली, "किती वाजले? बाबांचं औषध?"

"दिलं. कूसही बदलली. चहा ठेवलाय."

ती ओट्यापाशी उभी राहून चहा प्यायला लागली. दुपारपेक्षा माणसात आली होती. मी आवाज खाली आणला, भिंती म्हाडाच्या आहेत म्हणून. मग वाटलं, ऐकू दे ऐकायचं तर, आणि नेहमीच्या आवाजात बोलले.

"जान्हवी, बाबांनी मला सांगू नको म्हटलंय, पण मी सांगणार आहे. दुपारी तू दारात आलीस तेव्हा ते जागे होते. तुझा चेहरा त्यांनी पाहिला."

तिने कप खाली ठेवला.

"कळलं त्यांना?"

"सगळं कळलं."

"मग?"

"बरं वाटलं म्हणाले. आपल्यामागे ही नीट राहील, हे दिसलं म्हणाले. बोललो नसतो तर अजून थोडा वेळ बघता आलं असतं, असं म्हणत होते."

तिने ओट्याची कड घट्ट धरली. मला वाटलं आता रडेल, पण पदराला हात पुसावेत तसे तिने ड्रेसला हात पुसले आणि बाहेरच्या खोलीत गेली. मी खरं म्हणजे त्याच वेळी निघायला हवं होतं. चपला दाराशी होत्या आणि दार कॉटच्या समोर. मी पॅसेजमध्ये उभी राहिले.

"झोपलीस?" गुप्त्यांचा आवाज.

"हो. खूप." ती कॉटच्या कडेवर बसली असावी, लोखंड कुरकुरलं. "बाबा, दुपारी मला वाटलं तुम्ही गेलात. आणि मला बरं वाटलं होतं."

खालच्या मैदानावर कोणीतरी पोराला हाका मारत होतं. शेवटी त्या पोराने ओ दिली.

"मलाही," गुप्ते म्हणाले.

मग त्यांनी एकेक शब्द ओढून काढला. "नेरळला जातो मी. महिनाभर. तू झोपून घे." मधे मोठा श्वास. "मग न्यायला येशील ना?"

"येईन," जान्हवी म्हणाली, आणि मग ती रडली, अगदी मोठ्याने, शेजारी ऐकतील याची पर्वा न करता. मी त्यांच्या समोरूनच दारापर्यंत गेले, चपला पायात सरकवल्या आणि दार हळूच ओढून घेतलं.